त्रेचाळीस पायऱ्यांची कॉफी

"सात आठवडे झाले. सात! घरात धड कॉफी नाही," बाकावर बसलेला त्सिरिल बोंचिना पुटपुटला. तो मला उद्देशून बोलत नव्हता, पण त्या बोळात तो, मी आणि माझी लादी पुसायची बादली एवढेच होतो, आणि बादलीने काही उत्तर दिलं नाही.

"पुडा संपला का?" मी विचारलं.

"पुडा आहे की. भरलेला आहे," तो म्हणाला. "पावलीना इथे आहे."

स्वावलंबन हा माणसाच्या प्रतिष्ठेचा पाया आहे. ते डोळ्यांना दिसत नाही, ही एक मोठी अडचण होती. युरोपने ती सोडवली. युरोपात स्वावलंबन कॉफीवर मोजतात.

आमच्या टेकडीवरच्या पुनर्वसन रुग्णालयात व्यवसायोपचाराचा विभाग आहे. व्यवसाय म्हणजे इथे धंदा नव्हे. माणूस उठल्यापासून निजेपर्यंत जे जे करतो, बटण लावतो, दाढी करतो, कांदा चिरतो, ते सगळं व्यवसाय. आजारपणात ते हातून सुटतं, आणि मग तीन वर्षं शिकून आलेली शहाणी माणसं ते परत हातात आणून देतात. फार सुंदर विद्या आहे, हे मी अजिबात थट्टेने म्हणत नाही. दोन महिने चमचा धरू न शकलेला माणूस स्वतःच्या हाताने सूप पितो तेव्हा मी तोंड वळवून उगाचच ओटा पुसते. एकोणीस वर्षं मी इथलं सरावाचं स्वयंपाकघर सांभाळते आहे. तो ओटा फार स्वच्छ आहे.

तर कॉफी. घरी सोडण्याआधी रुग्णाला एक गरम पेय स्वतः करून दाखवावं लागतं. पूर्वी हे काम वीस मिनिटांत उरकायचं. मग लक्षात आलं की प्रत्येक देशात ते वेगळं उरकतं, आणि अकरा देशांनी मिळून प्रमाणित कॉफीचा प्रकल्प हाती घेतला. सहा वर्षं चालला. चौदा परिषदा झाल्या. फिनलंडवाल्यांचं म्हणणं, एक कप ही चाचणीच होऊ शकत नाही, किमान चार हवेत. इटलीवाले 'गाळणे' हा शब्द ऐकून दोनदा सभा सोडून गेले (दुसऱ्यांदा जेवणानंतर परत आले). कॉफी उतू जाणं ही चूक मानावी की प्रादेशिक परंपरा, यावर एक उपसमिती नेमली गेली. ती अजून आहे. अखेर त्रेचाळीस पायऱ्यांवर एकमत झालं. चौदापैकी नऊ परिषदा आमच्याकडे झाल्या आणि त्या नऊही परिषदांत कॉफी मी केली. त्यात किती पायऱ्या पाळल्या हे कोणी विचारलं नाही. चव छान आहे म्हणाले.

शिक्षणातही याचे पडसाद उमटले. दुसऱ्या वर्षाला आता 'ढवळणे' हा स्वतंत्र विषय आहे. दर वर्षी त्यात चारपाच जण नापास होतात. ही मुलं घरी बिनदिक्कत कॉफी ढवळून पितात, पण ते गुणांत धरलं जात नाही.

संशोधनाचे आकडे भिंतीवरच लावले आहेत, ते येताजाता पाठ झाले. एकूण रुग्ण चारशे बारा. स्त्रिया दोनशे पंचवीस, पुरुष एकशे सत्याऐंशी. यांपैकी एकशे एक्केचाळीस पुरुषांनी चाचणी दिलीच नाही. त्यांच्या कागदावर 'लागू नाही. घरातील अन्य व्यक्ती करते' या रकान्यात खूण करून त्यांना पूर्ण स्वावलंबी म्हणून घरी सोडलं. त्या रकान्यात स्त्रिया शून्य. अकरा देशांत या आकड्यावर एकही प्रश्न आला नाही, यावरून पद्धतीवरचा विश्वास दिसून येतो.

त्सिरिल त्या एकशे एक्केचाळिसांतला. दोन वर्षांपूर्वी खुबा बदलायला आला आणि नवव्या दिवशी स्वावलंबी होऊन गेला. प्रमाणपत्र त्याने फ्रिजवर लावलं आहे. इद्रिया गावच्या पाऱ्याच्या खाणीत हा माणूस तीस वर्षं तीनशे मीटर खाली अंधारात उतरत होता. घरातल्या ओट्याखालच्या कप्प्यापर्यंत मात्र त्याला कधी उतरावं लागलं नाही.

त्याच्या बायकोला, पावलीना बोंचिनाला, अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला, मग हळूहळू परत आला. हात परत आल्यावर तिची चाचणी झाली. पहिल्या खेपेला बाराव्या पायरीवर पूड सांडली. दुसऱ्या खेपेला सव्विसाव्या पायरीवर भांडं कलंडलं. तिसऱ्या खेपेला एकोणचाळिसाव्या पायरीवर कप फुटला. आलेख वर जात होता, संशोधनाला तो आवडला. पण नियम असा, की चौथ्यांदा नापास झालं की नाव वृद्धाश्रमाच्या यादीत जातं. घर, खिडकी, खिडकीतली उशी, सगळं मागे राहतं.

उशी म्हणजे लेसची. इद्रियाच्या बायका गोल उशीवर टाचण्या टोचून, लाकडी काड्यांना गुंडाळलेल्या दोऱ्यांनी लेस विणतात. काड्या एकमेकींवर आपटून टकटक वाजतात. जेवणानंतर तासभर ही टकटक माझ्या सामानाच्या खोलीतून येते, हे मला पाचव्या आठवड्यात कळलं. आत पावलीना बसली होती. मांडीवर विभागातली सरावाची उशी, बारा जोड काड्या, आणि दोन्ही हात असे चाललेले की मला कुठला आजारी ते ओळखता येईना.

"अहो बाई, या हातातून कप पडतो?" मी म्हटलं.

"दार लाव, मार्ता. वारा येतो."

"मुद्दाम पाडता?"

तिने दोन टाचण्या टोचल्या. "पास झाले की घरी. घरी गेले की सकाळी उठल्यावर एक, अकराला एक, जेवणावर एक, चारला, सहाला, आणि बातम्यांना एक. एकावन्न वर्षं केल्या. झटका आला तेव्हासुद्धा हातात त्याचाच कप होता. त्याने आधी कप उचलला."

"आणि नापास झालात तर?"

"तर घर जातं." तिने एक चुकलेली टाचणी उपटली. "तेवढं एक सोडवत नाही बघ. दोन्हींच्या मधलं काही या कागदावर नाही."

नेझा, तिची उपचारतज्ज्ञ, हिलाही ठाऊक असावं. एकदा तिने खुर्चीवर पडलेली हातभर लेस उचलली, घडी करून पावलीनाच्या खिशात घातली आणि हवापाण्याविषयी बोलू लागली. इतकं चांगलं गप्प बसणं अजून अभ्यासक्रमात आलेलं नाही.

चौथी चाचणी आज होती. प्रकल्पप्रमुख डॉ. ब्रेदा ओब्लाक स्वतः आल्या होत्या, सोबत फिनलंडची एक आणि पोर्तुगालची एक पाहुणी. ओब्लाकबाई अकरा देशांच्या स्वावलंबनाचा हिशेब ठेवतात. दर परिषदेत त्यांना दोनतीनदा घरून फोन येतो आणि त्या हळू आवाजात सांगतात, "वरच्या कप्प्यात. डावीकडे. नाही, तुझी डावी."

पावलीनाने सुरुवात केली. पाणी, पूड, लांब दांड्याचं भांडं. बारावी पायरी गेली, सव्विसावी गेली. उजवा हात असा स्थिर, की पोर्तुगालची बाई लिहायचं विसरली. वास बोळात गेला असावा, कारण दार किलकिलं झालं आणि त्सिरिलचं नाक, मागोमाग त्सिरिल आत आला.

एकोणचाळिसावी पायरी अशी आहे: 'कप पिणाऱ्यासमोर ठेवणे.' पावलीनाने कप उचलला. त्सिरिलने सवयीने खुर्ची ओढून घेतली. पावलीना शांतपणे कप स्वतःच प्यायली. अर्धा.

"आता लिही, नेझा," ती म्हणाली. "लागू नाही. घरातील अन्य व्यक्ती करते."

"बोंचिनाबाई," ओब्लाकबाई म्हणाल्या, "तो रकाना तुमच्यासाठी नाही."

"मग कोणासाठी आहे?"

फिनलंडची बाई खिडकीबाहेर बघू लागली. पोर्तुगालच्या बाईने नियमावलीची पानं उलटली, मग उलट दिशेने उलटली. ओब्लाकबाईंचा फोन वाजला. त्यांनी तो उचलला नाही.

"नियमात 'अन्य व्यक्ती' एवढंच आहे," नेझा सावकाश म्हणाली. "स्त्री की पुरुष ते नाही. फक्त ती व्यक्ती सक्षम असल्याचा पुरावा लागेल."

"आहे ना. फ्रिजवर लावलाय. पूर्ण स्वावलंबी, त्सिरिल बोंचिना. खाली ओब्लाकबाईंचीच सही."

सगळ्या त्सिरिलकडे बघू लागल्या. तो खुर्चीवरून उठला, परत बसला, परत उठला. त्याने टोपी काढली. खाणीत उतरण्याआधी हेल्मेट चढवायला काढत असेल तशी.

"पावलीना, सगळ्यांसमोर काय हे!"

"सांग ना. मी काय खोटं बोलले?"

त्याने ओट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी ओटा पुसत होते.

"मला करता येत नाही," त्सिरिल म्हणाला.

फोन वाजायचा थांबला. "पुरावा म्हणजे सही," म्हणत नेझाने पावलीनाच्या कागदावर खूण केली आणि चारशे बारा रुग्णांनंतर त्या रकान्यात पहिली स्त्री आली. मग तिने ड्रॉवरमधून चाचणीचे कोरे नमुने काढले. एक त्सिरिलपुढे ठेवला. एक ओब्लाकबाईंनी दुमडून पर्समध्ये टाकला.

एक माझ्याकडे उरला आहे. तो तुमच्यासाठी. हे वाचताना शेजारी जो कप आहे तो कोणी आणून ठेवला हे लिहायची गरज नाही, तसा रकाना नाही. तो रिकामा झाला की उठा आणि दुसरा करा. पहिली पायरी एवढीच, की साखर कुठे आहे हे कोणाला विचारायचं नाही.