गमछ्याखालचे श्यामराव

एका फेरीत दोन कामं उरकायची, हा श्यामरावांचा जुना आजार. या आजारापायी एकदा त्यांनी दाढ काढणं आणि पासपोर्टचा फोटो ही दोन कामं एकाच सकाळी उरकली होती, आणि पुढची दहा वर्षं प्रत्येक विमानतळावरचा माणूस त्यांच्या उजव्या गालाकडे संशयाने बघत राहिला. पण माणूस अनुभवाने शहाणा होतो असं जे म्हणतात, ते श्यामरावांना भेटलेले नसतात.

श्यामराव वीस वर्षांपूर्वी केंद्र सरकारच्या बदलीवर तीन वर्षांसाठी कोलकात्याला आले आणि सॉल्ट लेकमध्येच रुजले. आता निवृत्तीला चार महिने उरले होते. त्यांची मुलगी आभा कला महाविद्यालयात शिल्पकला शिकत होती. बागबाजारातल्या एका जुन्या हॉलमध्ये त्या आठवड्यात पाच दिवसांची कार्यशाळा होती. शिल्पवाल्या मुलांनी समोर माणूस बसवून मातीत त्याचं डोकं घडवायचं, आणि फोटोवाल्या मुलांनी एकेक माणूस निवडून दिवसभर त्याचा पाठलाग करायचा. शेवटच्या दिवशी लीनादी नावाच्या मोठ्या शिल्पकार बाई येऊन एक डोकं निवडणार होत्या. ज्याचं निवडलं जाईल त्याला हिवाळ्यातल्या ब्राँझच्या शिबिरात जागा, आणि ते डोकं ब्राँझमध्ये ओतलं जाणार. आभा या शिबिरासाठी दोन वर्षं झुरत होती.

बाकी मुलांनी कुणी मासळीवाला आणला, कुणी रिक्षावाला. आभाने बापाला बसवलं, कारण बाप फुकट होता आणि रजाही शिल्लक होत्या. श्यामरावांना मात्र यात नियतीचा हात दिसला. पस्तीस वर्षं फायलींवर सह्या केल्या, पण ऑफिसात त्यांची आठवण म्हणून फार तर एक डुगडुगती खुर्ची राहिली असती. आता ब्राँझ होणार होतं. ते हनुवटी वर करून, दूर क्षितिजाकडे (म्हणजे हॉलमधल्या पाण्याच्या कूलरकडे) नजर लावून बसत. आभा रडकुंडीला यायची. “बाबा, तू रोज जसा असतो तसा बस ना,” ती कोलकात्यात वाढलेल्या मराठीत म्हणायची. आपण रोज कसे असतो हे श्यामरावांना ठाऊक नव्हतं, त्यामुळे ते हनुवटी आणखी वर करायचे. चार दिवस झाले तरी मातीच्या डोक्यात श्यामराव काही उतरेनात.

कार्यशाळेचे मास्तर सौमेनदा गमतीचे गृहस्थ. ते म्हणायचे, एकेकाळी मराठे शहरात येऊ नयेत म्हणून इथे बागबाजारात खंदक खणला होता, आणि आता आम्ही मराठ्याला खुर्चीवर बसवून हलू नका म्हणून विनवण्या करतोय.

पाचवा दिवस नेमका हरतालिकेचा. दुसऱ्या दिवशी गणपती बसायचे. मूर्ती दरवर्षी कुमारटुली या मूर्तिकारांच्या वस्तीतून येते, आणि कुमारटुली बागबाजारला लागूनच. श्यामरावांचा आजार उफाळून आला. सकाळी मूर्ती घ्यायची, ती हॉलमध्ये ठेवायची, शेवटची बैठक द्यायची, आणि दुपारी मूर्ती घेऊन घरी जायचं, एकाच फेरीत. शकुनने, म्हणजे त्यांच्या बायकोने, कडक उपासाच्या पहिल्याच तासाला बजावलं होतं, की वाटेत कुठे थांबायचं नाही, आणि बाप्पाचं तोंड घरी येईपर्यंत झाकलेलं राहिलं पाहिजे. त्यासाठी तिने नवा कोरा रेशमी रुमाल इस्त्री करून हातात दिला. तो रुमाल श्यामरावांनी चपला घालताना शू-रॅकवर ठेवला, आणि तो तिथेच राहिला.

हे सगळं पाहणारं माणूस एकच, मधुवंती. ही फोटोवाल्या मुलांपैकी एक, बारीकशी, गोड बंगाली मुलगी. तिने पाठलागासाठी श्यामरावांना निवडलं होतं आणि सकाळी सातलाच कॅमेरा घेऊन दारात हजर झाली होती. आपल्या माणसाच्या कामात बोट घालायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, आपण तिथे नाहीच असं वागायचं, हा तिच्या मास्तरांचा नियम. तो ती इतका काटेकोर पाळायची, की श्यामराव उलट्या दिशेच्या बसमध्ये चढले तेव्हा तीही मुकाट चढली.

मूर्ती छोटीशीच होती, फूटभर उंचीची, बसकी, लाकडी पाटावरची. रुमाल नाही हे कुमारटुलीत लक्षात आलं तेव्हा श्यामरावांनी कागदावर भागवलं, आणि हॉलमध्ये आल्यावर सौमेनदांकडून एक लाल चौकटीचा गमछा मागून बाप्पाला नीट झाकलं. आता तिथली डोकीही पाटांवरच होती, आणि माती वाळू नये म्हणून त्या सगळ्यांवर असेच लाल चौकटीचे गमछे होते, फक्त ओले. पण श्यामराव निश्चिंत होते, कारण त्यांनी बाप्पाला मांडणीच्या अगदी कोपऱ्यात ठेवलं होतं, आणि कोपरा काही कुठे जात नाही.

कोपरा गेला नाही, बाप्पा सरकले. बैठक संपल्यावर परीक्षणासाठी हॉल झाडायचा म्हणून सौमेनदांनी सगळ्यांना आपापली डोकी झाकून मांडणीवर ठेवायला सांगितली. आभाने आपला पाट ठेवायला बाप्पांना हलक्या हाताने एक घर आत सरकवलं, बापाचं डोकं कोपऱ्यात ठेवलं आणि ती जेवायला गेली. श्यामराव आले. कोपऱ्यातला पाट उचलला. गमछा ओला लागला तेव्हा त्यांना वाटलं, कुणा कार्ट्याने डोकं समजून बाप्पावर पाणी मारलेलं दिसतंय. रंग ओघळला असेल का, हे बघायची सोय नव्हती, कारण तोंड उघडायचं नव्हतं. पाट सकाळपेक्षा जड वाटला, तो त्यांनी शुभशकुन मानला. शकुनने विचारलंच तर गंगेचं पाणी शिंपडलं असं सांगायचं, असं टॅक्सीत ठरलं.

साडेतीनला दार उघडलं. सकाळपासून पाण्याचा थेंबही न घेतलेली शकुन नऊवारी नेसून तबक घेऊन उभी होती. तिने श्यामरावांच्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, निरांजन ओवाळलं. गमछ्याकडे पाहून तिच्या कपाळाला आठी पडली, पण देवासमोर भांडायचं नाही म्हणून ती पुढे झाली. मग तिने डोळे मिटले, हलकेच गमछा वर केला, आणि ओठांनी काहीतरी पुटपुटत अंगठ्याने कपाळावर चांगलं दाबून कुंकू लावलं, वर अक्षता लावल्या. श्यामरावांनीही भक्तिभावाने डोळे मिटले होते. त्या दारात उघडा डोळा एकच होता, मधुवंतीच्या कॅमेऱ्याचा.

शकुनने डोळे उघडले. पुन्हा मिटले आणि पुन्हा उघडले.

“अहो,” ती शेवटी म्हणाली, “हे तर तुम्ही.”

“हो,” श्यामराव म्हणाले. नाही म्हणायला जागाच नव्हती.

मातीचे श्यामराव कपाळी कुंकू लावून, हनुवटी वर करून बायकोकडे बघत होते. शकुनने आधी मधुवंतीला धारेवर धरलं, की तुला दिसलं नाही का. मधुवंती हिंदीत म्हणाली, की दिसलं तर, हॉलमधून निघतानाच गमछ्याखालून माणसाचा कान दिसला होता. पण काकूच सकाळी म्हणाल्या ना, आज बायका नवऱ्यासाठी उपास करतात, पूजा करतात. तिला वाटलं, मराठी लोकांत ही अशीच करतात.

इतक्यात आभाचा फोन आला. “बाबा, माझा डोका कुठे आहे?” तिचा आवाज फुटला होता. जेवून आल्यावर तिने टोकाचा पाट आपलाच समजून, न उघडता स्टँडवर ठेवला होता. लीनादी आल्या, ओळीने बघत आभापाशी पोचल्या, आभाने झोकात गमछा काढला आणि खाली साक्षात गणपती. सौमेनदांनी नकळत हात जोडले. लीनादी म्हणाल्या म्हणे, की बाळ, सुरुवात वडिलांपासून केली होतीस ना. त्या पाच वाजता निघणार होत्या. “मी दोन वर्ष वाट पाहिली बाबा,” एवढं बोलून तिने फोन ठेवला.

श्यामरावांचं ब्राँझबिंझ सगळं त्या क्षणी गळून पडलं. पोरीचं वाटोळं केलं, एवढंच त्यांना कळत होतं. ते पाट उचलायला वाकले, तर शकुनने तो आधीच उचलला होता. या कामाला आता तुम्ही नकोत, असं म्हणून ती उपाशीपोटी, नऊवारीतच टॅक्सीत बसली. सॉल्ट लेक ते बागबाजार नवऱ्याचं डोकं मांडीवर आणि नवरा ड्रायव्हरशेजारी. सिग्नलला शेजारच्या बसमधली माणसं वाकून बघत होती.

पोचले तेव्हा पाचला सात मिनिटं होती. लीनादी दारात चपला घालत होत्या. शकुनने पाट सरळ त्यांच्यासमोर धरला. आभा कुंकू पुसायला धावली, पण लीनादींनी तिचा हात धरला. त्या खाली वाकून कपाळाकडे बघत राहिल्या. शकुनचा अंगठा ओल्या मातीत दोन भुवयांच्या मधोमध चांगला रुतला होता. त्याने कपाळाला अशी एक आठी पडली होती, की माणसाने आत्ताच काहीतरी चूक केलीय आणि काय ते त्याला आठवत नाहीये. लीनादींनी वर पाहिलं. समोर खरे श्यामराव अगदी तसेच उभे होते.

हे कुणी केलं, त्यांनी विचारलं. आभाने खालमानेने खरं सांगितलं, की आईने. लीनादी म्हणाल्या, चेहऱ्याचं हाड पक्कं आहे, कान उत्तम, माणूस तेवढा राहिला होता, तो आईने घातला. पुढच्या वेळी आईला आधी विचार. आणि वहीत त्यांनी आभाचं नाव लिहिलं. आभा आईच्या गळ्यात पडली, मग बापाच्या, आणि दोघांना हाताची माती फासली.

बाप्पा आभाच्या स्टँडवर सुखरूप होते. कुणीतरी पुन्हा गमछा घालून पुढ्यात जास्वंद ठेवलं होतं. घरी न्यायच्या आधी शकुनने गमछ्याचं टोक किंचित उचललं, सोंड दिसल्याची खात्री केली, आणि मगच पाट श्यामरावांच्या हातात दिला.

पंधरा दिवसांनी कार्यशाळेचं प्रदर्शन लागलं. दारातच मधुवंतीचा फोटो होता, पुरुषभर उंचीचा. निरांजनाच्या उजेडात डोळे मिटलेली शकुन, तिचा अंगठा कपाळावर, आणि मातीचे श्यामराव. खऱ्या श्यामरावांचं फ्रेममध्ये एक कोपर तेवढं आलं होतं. माणसं थांबून थांबून बघत होती. श्यामरावही बघत राहिले. तीस वर्षांच्या संसारात शकुनचा हा चेहरा त्यांनी पाहिला नव्हता, कारण अशा वेळी त्यांचेही डोळे मिटलेले असायचे. इतक्या मनापासून कुणी आपल्यासमोर काही मागावं, या विचाराने ते तिच्याजवळ सरकले.

“शकुन,” त्यांनी हळूच विचारलं, “काय गं मागत होतीस तेव्हा?”

“काय मागणार,” शकुन फोटोवरची नजर न काढता म्हणाली. “ह्यांना थोडी अक्कल दे म्हटलं. मागितली नेमकी तुमच्याकडेच. असती तर दिली नसती का तुम्ही?”