मावशीचा हुंकार

आज पास झाली तरच ज्ञानदाला ऑगस्टपासून कॉलेजात शिकवायची नोकरी मिळणार होती. एप्रिलातल्या बर्फामुळे पीएचडीची तोंडी परीक्षा ऐनवेळी ऑनलाइन झाली आणि अमेरिकेतल्या ईडन प्रेरीच्या त्या एका खोलीतून नागपूरहून आलेल्या प्रतिमामावशीला पाठवायचं तरी कुठे?

“मावशी, प्लीज. आज डिफेन्स आहे. एक शब्द नको.”

“नाही काढत गं बाई,” म्हणत मावशी लॅपटॉपमागे मेथी निवडायला बसली.

स्क्रीनवर तीन परीक्षक उगवले. मधले प्रोफेसर हॉलवर्सन. बाहेरची मदत घेतली तर परीक्षा रद्द, हा नियम त्यांनी सावकाश वाचून दाखवला.

ज्ञानदाने इंग्रजीत सुरुवात केली. “व्हिक्टोरियन कादंबरीतली अनाथ मुलगी मुळात परीकथेतली आहे.”

“हं,” मावशी म्हणाली. इंग्रजी तिला चांगलं कळायचं.

ज्ञानदाने ओठांवर बोट ठेवलं. “जंगलाच्या जागी गिरण्यांचा धूर आला आणि परीच्या जागी श्रीमंत काकांचं मृत्युपत्र.”

“हं... मग?”

“तिथे कोण आहे?” हॉलवर्सननी विचारलं.

ज्ञानदाने घाईघाईने म्यूट केलं. “मावशी, अगं!”

“‘हं’ म्हणजे शब्द होय? गोष्ट ऐकताना निघतोच तो!”

ज्ञानदाने म्यूट काढलं. “सर, माझी मावशी आहे. मदत नाही करत. आमच्याकडे गोष्ट ऐकणाऱ्याने ‘हं’ म्हणायचं असतं.”

हॉलवर्सननी मान हलवली नाही. त्यांनी तिसऱ्या प्रकरणावरचा आक्षेप मांडायला घेतला. सावत्र आया आणि कुलूपबंद खोल्या खऱ्या घरांतही असतात, त्या परीकथेतूनच आल्या याला पुरावा काय? ते बोलत राहिले. मावशी मेथी निवडत राहिली. मध्येच ते अडखळले, थांबले.

“आता त्या गप्प का?”

“सर, ही... गोष्ट नाहीये.”

बाकीचे दोन परीक्षक एकदम खाली बघू लागले. हॉलवर्सननी चष्मा काढला.

“ठीक आहे. एक मुलगी होती. तिच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण लंगडं होतं.”

“हं.”

“परीक्षकांनी तिला ते पुन्हा लिहायला सांगितलं.”



“मग?”

“मग... निकाल पुढच्या वर्षी.”

“हात्तिच्या! अशी अर्धवट गोष्ट सांगतं का कुणी?” मावशी मराठीत कडाडली.

“काय म्हणाल्या?”

ज्ञानदा पटकन स्क्रीनकडे वळली. “सर, त्या विचारतायत, शेवट गोड होता ना?”

हॉलवर्सननी सहकाऱ्यांकडे पाहिलं. दोघांनीही माना डोलावल्या. हॉलवर्सननी चष्मा परत चढवला.

“किरकोळ दुरुस्त्यांसह, पास.”

स्क्रीन बंद झाली.

“अगं, मी असं कुठे म्हटलं?” मावशीने विचारलं.

“हं,” ज्ञानदा म्हणाली.