तांबेकाकांचं छत

तांबेकाका दिल्लीच्या मुनिरकातल्या आपल्या झेरॉक्सच्या दुकानात शिरले, की नमस्काराऐवजी एक दिवा बंद करत. एकदा तर माझ्या नोट्सची झेरॉक्स चालू असताना त्यांनी मशीनचंच बटण दाबलं.

दुकान त्यांचं; चालवायच्या मात्र लातूरच्या झीनतताई, भाड्याने. काका सरकारी बांधकाम खात्यातले निवृत्त इंजिनियर. गुरुग्रामला एकटे राहत, मेट्रोने रोज ‘पाहणी’ला येत. त्यांनी सगळ्याची वाटणी करून ठेवली होती. ‘‘भिंत माझी, शटर माझं. पंखा तुझा, एसी तुझा. अच्छा?’’

‘‘आणि छत?’’ ताई विचारत. ‘‘ते तापतं म्हणून तर एसी दिवसभर चालतो. वरून उष्णता अडवणारा रंग लावून द्या.’’

‘‘खर्च मी करू आणि बिल तुझं कमी होणार? वा!’’

हा वाद दोन उन्हाळे चालला. आम्ही परीक्षेची तयारी करणारी पोरं रांगेत उभी राहून ऐकायचो, हसायचो.

यंदा मे महिन्यात भरदुपारी एसी बंद पडला आणि ताई मशीनजवळच चक्कर येऊन कोसळल्या. काका तिथेच होते. त्यांनी ताईंच्या डोक्यावर पाणी ओतलं, डॉक्टरांना बोलावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते पांढऱ्या रंगाची बादली घेऊन छतावर. मी मदतीला चढलो.

‘‘काका, मजूर लावायचा ना.’’

त्यांनी ब्रश थांबवला नाही. ‘‘लक्ष्मीबाई नगरला आमचं क्वार्टर सगळ्यात वरच्या मजल्यावर होतं. सुमन म्हणायची, स्वयंपाकघरात उभं राहवत नाही, छताचं काहीतरी करा. मी म्हणायचो, छत सरकारचं, सरकार बघेल.’’ मग हळूच म्हणाले, ‘‘तसले अर्ज माझ्याच टेबलावर यायचे रे. पुढे तिने बोलणंच सोडलं. मला वाटलं, सवय झाली असेल.’’

सुमनकाकू गेल्याला तेव्हा चार वर्षं झाली होती.

रंग वाळला. दुरुस्त झालेला एसी आठवड्याभरात दुपारपुरताच लागू लागला. ताई करारनामा घेऊन बसल्या. ‘‘काका, आता लिहूनच टाकू. छताचं काम तुमचं, एसीची देखभाल माझी.’’

‘‘लिही,’’ काका म्हणाले आणि सही केली. कागद परत देताना क्षणभर हातातच धरून राहिले.

‘‘पण झीनत, उकडलं की सांगत जा. मी ऐकलं नाही, तरी परत सांग.’’