दुसऱ्या रिमोटचे जतन

माणसाला भूतकाळ परत हवा असतो. फक्त तो आधीपेक्षा स्वच्छ हवा असतो आणि एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडता यायला हवा असतो. हे अजून कुठल्या विद्यापीठाने सिद्ध केलेलं नाही. पण सुरतेच्या गोडादऱ्यात दुसऱ्या मजल्यावर राहणारे गजेंद्र राघो बागुल यांनी ते स्वखर्चाने सिद्ध केलं, म्हणून त्याची इथे रीतसर नोंद घेत आहोत.

गजेंद्र यांनी परदेशातून मागवलेलं खेळाचं यंत्र जेवणाच्या डब्याएवढं होतं. लहानपणी टीव्हीला जोडून खेळायचे ते सगळे जुने खेळ त्यात चालतात. आता जुने खेळ मोबाइलवरही फुकट चालतात, पण ती सॉफ्टवेअरने केलेली नक्कल. या डब्यात अशी एक चीप आहे की जिच्या आतली जोडणीच बदलते आणि ती जुन्या यंत्राच्या जोडणीसारखी होऊन बसते. हा फरक गजेंद्र पाहुण्यांना असा समजावून सांगत: मिमिक्रीवाला तुमच्या वारलेल्या वडिलांचा आवाज काढतो, ती नक्कल, आणि वडिलांचं एकेक हाड, एकेक शीर पुन्हा जुळवून त्यांना खुर्चीत आणून बसवलं, की ते हार्डवेअर. (बसवल्यावर त्यांच्याशी बोलायचं काय, हे माहितीपत्रकात दिलेलं नाही.)

शिवाय ही चीप एकाच यंत्रावर समाधान मानत नाही. बटण दाबलं की ती दुसरं यंत्र होते, पुन्हा दाबलं की तिसरं. या प्रत्येक अवताराला 'कोअर' म्हणतात. एका वेळी एकच कोअर चढतो. दुसरा चढवायचा तर पहिला उतरवावा लागतो. गजेंद्र यांना हे समजायला मुळीच वेळ लागला नाही, कारण ते स्वतः याच पद्धतीवर चालत. मार्केटातल्या शेठशी गुजराती, मशीनवरच्या कारागिरांशी हिंदी, चारचौघांत छापील मराठी आणि घरी मायशी अहिराणी. फक्त 'धाकट्या भावाशी बोलणे' हा कोअर गेली काही वर्षं चढत नव्हता.

त्याचं कारणही तसंच गंभीर होतं. धाकटा योगेंद्र बारडोलीला राहतो, तिथे त्याचं पाण्याच्या मोटारी रिवाइंड करण्याचं दुकान आहे. त्याच्या मुलीच्या लग्नात टॉवेल-टोपीचा मान द्यायची वेळ आली तेव्हा मांडवात आधी नवरीच्या मामाला टोपी चढली आणि सख्खा मोठा काका असलेले गजेंद्र दुसऱ्या नंबरावर गेले. दोन्ही टोप्या एकाच गठ्ठ्यातल्या, टॉवेलही एकाच दुकानातले, पण नंबर तो नंबर. गजेंद्र ताटावर न बसता तडक सुरतेला परत आले आणि तेव्हापासून दोघा भावांत बोलणं बंद होतं.

माणसाच्या तत्त्वांचा आणि धंद्याचा संबंध नसावा, असा एक उदात्त विचार आहे. गजेंद्र तो पाळत. रिंग रोडवरच्या मार्केटातला व्यापारी सकाळी मोबाइलवर कुणाच्या तरी महागड्या साडीचा फोटो पाठवतो; गजेंद्र तिची बुट्टी न बुट्टी संगणकावर उतरवून घेतात आणि संध्याकाळपर्यंत एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर सेम-टू-सेम साडी निघू लागते. (मूळ साडी बनवणाऱ्याला हे कळेपर्यंत सुरतेत पुढची साडी सुरू झालेली असते.) असा माणूस घरी आल्यावर म्हणे, 'नक्कल मला सहन होत नाही.' आणि खरोखरच होत नसे.

या असह्यतेतून 'अस्सल खेळयंत्र जतन मंडळ, गोडादरा' स्थापन झालं. अध्यक्ष स्वतः गजेंद्र. सचिव श्रीरंग, ज्याचं लिंबायतला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. बाकी सभासद चहाच्या वेळेला हजर असत. मंडळाचा एकच नियम होता: जसं होतं तसं. सुधारणा नको, सोय नको, दयामाया नको. पहिल्या वर्षात मंडळाने जुन्या टीव्हीवर दिसत तशा पडद्यावरच्या आडव्या रेषा किती जाड असाव्यात यावर बारा बैठका घेतल्या. त्या काळात प्रत्यक्ष किती खेळ खेळले गेले याची आकडेवारी उपलब्ध नाही, कारण मंडळाचं काम जतन करणं आहे, खेळणं नाही.

गजेंद्र यांची आई, कलाबाई, हे सगळं पलंगावरून बघत असत. त्यांना दोन गोष्टी कळत होत्या. एक, थोरल्याने लहानपणचा टीव्ही गेम पुन्हा आणला आहे. दोन, तो टीव्ही गेम दोघांचा होता.

"हाई दोन जननं खेळनं शे ना?" त्या म्हणाल्या. "मंग योगेनले बलाव."

समेटासाठी फोन करणं गजेंद्र यांच्या प्रतिष्ठेत बसणारं नव्हतं. पण यंत्राच्या चाचणीला दुसरा खेळाडू लागतो, ही तांत्रिक अडचण होती, आणि तांत्रिक अडचणीपुढे भले भले झुकतात. त्यांनी भावाला फोन केला आणि रविवारी चाचणीसाठी उपस्थित राहावं असं कळवलं. योगेंद्र लगेच हो म्हणाला. फोन ठेवल्यावर गजेंद्र बराच वेळ विनाकारण खिडकीपाशी उभे होते, आणि त्यांना फार बरं वाटत होतं.

रविवारी योगेंद्र आला तो पिशवीतून जुनी कॅसेट घेऊनच. काळी, एका कोपऱ्यात तुटलेली, वरती लिहिलेलं '९९९९ गेम'. (त्यात वेगळे खेळ सहाच. बाकीची त्यांचीच नावं बदलून छापलेली.) एवढी वर्षं त्याने ती दुकानाच्या गल्ल्याशेजारी सांभाळली होती. गजेंद्र यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, यंत्राच्या खाचेत बसवली आणि पडद्यावर अक्षरं आली: ही कॅसेट ओळखता येत नाही.

सचिव श्रीरंगने भिंग लावून ती तपासली आणि निकाल दिला. "अध्यक्ष, ही डुप्लिकेट आहे."

"मग ही चालणार नाही," गजेंद्र खेदाने म्हणाले. "मंडळाचं धोरण आहे."

योगेंद्र हसला. "अस्सल आपलाकडे व्हतंच कव्हय, भाऊ?"

खरंच होतं. लूमवर काम करणाऱ्या राघो बागुलांनी दिवाळीला लिंबायतच्या हातगाडीवरून तो टीव्ही गेम आणला होता आणि तोही डुप्लिकेटच होता. मग श्रीरंगलाही आठवलं की त्याच्या घरचाही डुप्लिकेट होता. चौकशीअंती असं निष्पन्न झालं की अस्सल यंत्राच्या जतनाला वाहून घेतलेल्या मंडळातल्या एकाही सभासदाने आयुष्यात अस्सल यंत्र बघितलेलं नव्हतं.

एखादं हलकं मंडळ इथे बरखास्त झालं असतं. पण गजेंद्र यांनी तिथल्या तिथे तातडीची सभा बोलावली. आपल्याला जतन करायचं आहे ते आपलं लहानपण. आपलं लहानपण डुप्लिकेट होतं. सबब डुप्लिकेटचं जतन झालं पाहिजे, आणि तेही अस्सल झालं पाहिजे. डुप्लिकेटची डुप्लिकेट चालणार नाही. ठराव मंजूर होईपर्यंत संध्याकाळ झाली. योगेंद्र दोन चहा पिऊन, मायचे पाय दाबून, बारडोलीला परत गेला. जाताना तो म्हणाला की तयार झालं की सांग, आपण खेळू.

असे कोअर बनवून जगाला फुकट वाटणारे एक गृहस्थ पोलंडमध्ये राहतात. मंडळाने कॅसेट आणि जुन्या यंत्राचे सापडतील तेवढे अवशेष त्यांच्याकडे रवाना केले आणि सोबत अपेक्षित दोषांची यादी जोडली. पहिला दोष: फुंकर मारल्याशिवाय कॅसेट चालू नये, आणि पहिल्या फुंकरीला तर मुळीच चालू नये. दुसरा: शेजारी मिक्सर लागला की चित्र आडवं फाटावं. (तेव्हाच्या शेजारीण मंगलाबाई आता धुळ्याला असतात. त्या मिरची किती वेळ वाटत, हे त्यांना फोन करून विचारून घेण्यात आलं.) तिसरा: ऐन रंगात आल्यावर सगळं थिजून जावं. चौथा: दुसरा रिमोट, म्हणजे दुसऱ्या खेळाडूच्या हातातला, चालू नये.

चौथ्या मुद्द्यावर पोलंडहून खुलासा मागवला गेला. गजेंद्र यांनी सविस्तर कळवलं की दुसरा रिमोट गाडीवरून आणला तेव्हापासूनच मेलेला होता, तो बदलायला वडील गेले तेव्हा गाडीवाला गायब होता, आणि धाकटा म्हणून तो भावाकडे असे. दोन रणगाड्यांचा खेळ लागला की पांढरा रणगाडा गजेंद्र चालवत. निळा जागच्या जागी उभा राही आणि सुरुवातीलाच उडे. भाऊ तरीही बटणं दाबत असे.

गृहस्थांनी विचारलं, म्हणजे दुसऱ्या खेळाडूने करायचं काय?

गजेंद्र यांनी उत्तर पाठवलं: बसायचं.

गृहस्थ परदेशी असल्यामुळे त्यांना हे पटलं नसावं. कोअर तयार होऊन कॅसेटसह आला तेव्हा सगळे दोष मागणीप्रमाणे होते, पण मेनूत एक ओळ त्यांनी आपल्या मनाने घातली होती. दुसरा रिमोट: बंद. बाजूला कंसात: हवा असल्यास चालू करा.

निरोप मिळताच पुढच्या रविवारी योगेंद्र हजर झाला. या वेळी पिशवीत नारळ होता, टॉवेल होता आणि पांढरी टोपी होती. चपला काढून तो आत आला, मायकडेही न जाता थेट मोठ्या भावासमोर उभा राहिला, त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल घातला आणि पाया पडला.

"मन्ही चूक व्हयनी, भाऊ," तो म्हणाला.

पहिला नंबर. तोही मायसमोर, बायकोसमोर आणि मंडळाच्या सचिवासमोर. गजेंद्र यांनी मुळात सरळच असलेली टोपी दोनदा सरळ केली, हे निःपक्षपणे नमूद करायला हवं. कलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग दोघे भाऊ टोपीसकट टीव्हीसमोर सतरंजीवर बसले.

पहिली फुंकर वाया गेली. दुसऱ्या फुंकरीला खेळ लागला. कोअरमधला मंगलाबाईंचा मिक्सर ठरल्या वेळी सुरू होऊन चित्र फाटलं तेव्हा योगेंद्र इतका हसला की त्याला ठसका लागला. रणगाडे आले. पांढरा निघाला. निळा उभा राहिला.

योगेंद्रने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. वायर कुठे निघाली आहे का, ते बघितलं. निळा रणगाडा उडाला.

"सेम-टू-सेम," गजेंद्र म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता.

"हा," योगेंद्र म्हणाला. "तव्हय बी हाले नही."

गजेंद्र यांच्या पत्नी वर्षा चहा घेऊन आल्या होत्या. पडद्यावरची ओळ त्यांनी वाचली आणि म्हणाल्या, "अहो, इथे चालू करा असं लिहिलंय. दाबा की."

गजेंद्र यांनी त्यांना शांतपणे समजावलं की असं केल्यास ती इतिहासात ढवळाढवळ होईल. दुसरा रिमोट तेव्हा चालू नव्हता. तो आज चालू केला तर हा आपला टीव्ही गेम राहणार नाही, कुणाचाही होईल.

"एक डाव त्याले खेळू दे ना रे," पलंगावरून कलाबाई म्हणाल्या.

गजेंद्र यांनी भावाकडे बघितलं. केस पांढरे झालेला तो माणूस रिमोट दोन्ही हातांत धरून, पाय दुमडून, पूर्वी बसायचा तसाच वाट बघत बसला होता. गजेंद्र यांचा अंगठा त्या ओळीपर्यंत गेला, हेही नमूद करायला हवं. त्यांना फार वाटलं की दाबावं. पण तेवढ्यात सचिव श्रीरंग हळूच खाकरला, आणि नियम अध्यक्षांनाही लागू असतात हे गजेंद्र यांना आठवलं. त्यांनी अंगठा मागे घेतला आणि दुसरा डाव लावला. निळा रणगाडा पुन्हा उडाला.

योगेंद्रने रिमोटची वायर नीट गुंडाळली, लहानपणी गुंडाळायचा तशी, आणि तो खाली ठेवला.

"खरंच तसंच शे, भाऊ," तो म्हणाला. "काहीच फरक नही."

ही पावती मंडळाच्या इतिवृत्तात सोनेरी शाईने घेतलेली आहे. योगेंद्र शेवभाजी-भाकरी जेवला, मायच्या पाया पडला आणि उजेड असतानाच बारडोलीला निघाला.

त्यानंतर त्याला बऱ्याचदा बोलावण्यात आलं. मोटारींचा सीझन आहे, असं तो प्रेमाने सांगतो. मंडळाची प्रगती जोमाने चालू आहे. एकाच डब्यात आता चव्वेचाळीस यंत्रं झाली आहेत आणि सगळ्यांना दुसऱ्या खेळाडूची सोय आहे. मानाचा टॉवेल गजेंद्र यंत्रावर झाकतात, धूळ बसू नये म्हणून. टोपी दुसऱ्या रिमोटवर असते. रविवारी जिन्यात पाय वाजले की कलाबाई विचारतात, "उना का योगेन?" आणि गजेंद्र आवाज कमी करून कान देतात. पाय वरच्या मजल्यावर जातात.

वाचक इथपर्यंत हसत आले असतील तर मंडळाला आनंद आहे. सभासद व्हायला अर्ज लागत नाही. ज्यांच्या मोबाइलमध्ये एखाद्या सख्ख्या माणसाचा नंबर जपून ठेवलेला आहे, दिवाळीला त्या नंबरावर पणतीचं चित्र जातं, तिकडूनही पणतीचं चित्र येतं, आणि एरवी फोन लावला जात नाही कारण मागच्या वेळी आपणच लावला होता, त्या सर्वांना मंडळाने आधीच सभासद करून घेतलेलं आहे. दुसरा रिमोट बंद ठेवल्याबद्दल मंडळ आपलं आभारी आहे.