उन्हात वाळवलेले सेल

"तेरवीच्या आत मायले रडवून दाखवतो, नाही तं मधुकर नाव लावणार नाही," असं मधुकररावांनी भरल्या ओसरीत, सोयऱ्यांच्या देखत ठणकावून सांगितलं.

जन्मदात्या आईला रडवायची पैज लावणारा पोरगा तुम्ही कुठं पाहिला नसेल. पण नागपुरात सक्करदऱ्याच्या त्या घरात वेळच तशी आली होती. मधुकररावांचे वडील बापूजी ऐन मे महिन्यात, सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या गेले. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. बाया दारातच हंबरडा फोडायच्या, आत येऊन पुन्हा एकदा फोडायच्या आणि मग डोळे पुसून चहा घ्यायच्या. सगळा मोहल्ला रडला, फक्त बापूजींची बायको रडली नाही. रुखमाबाई सूप घेऊन गहू निवडायला बसल्या त्या बसल्याच. गहू संपले की निवडलेलेच पुन्हा सुपात ओतायच्या. डोळे कोरडे ठक्क, बोलणं कामापुरतं, आणि खाणं तर चिमणीएवढं.

बापूजींची मोठी बहीण यमुताई घरात मुक्कामाला होती. मरण, सुतक आणि रडणं या तिन्ही विषयांत तिचा शब्द शेवटचा. "रडणं आत राह्यलं की डोक्यात चढते," तिनं निकाल दिला. "आमच्या गावची एक बाई अशीच बसली होती. महिन्यात विहिरीत सापडली."

 बाप तर गेलाच, आता आईही हातची जाते की काय या धसक्यानं मधुकररावांनी ती पैज लावली. त्यांनी बापूजींची टोपी आईच्या मांडीवर आणून ठेवली. तिनं ती झटकली आणि खुंटीला लावली. मग बापूजींच्या चपला आणून समोर ठेवल्या. "चपला काहून घरात आणल्या गा?" एवढं म्हणून ती पुन्हा गव्हात शिरली.

तेव्हा मधुकररावांना आवाज आठवला. बापूजी भजनी माणूस. गळ्यात तुळशीची माळ, हातात खंजिरी, आणि स्वतःच जुळवलेली भजनं. खापरखेड्याच्या वीज केंद्रात मधुकरराव स्टोअरमध्ये कारकून होते, आणि शेजारच्या टेबलावरच्या गिरिधरकडं स्पूलवाली टेप होती. हातात धरून नेता येईल अशी पेटी, वर दोन चाकं, एका चाकावरची पट्टी दुसऱ्यावर गुंडाळत जायची. बाजारात कॅसेट आल्यापासून तिला कोणी विचारत नव्हतं, पण गिरिधर तिला अजून मऊ फडक्यानं पुसायचा. ती नवी होती तेव्हा त्यानं एकदा सक्करदऱ्याला येऊन, याच ओसरीत बापूजींची भजनं भरली होती. ते स्पूल त्यानं जपून ठेवलं होतं.

मधुकररावांचा बेत साधा होता. गिरिधरची मशीन आणायची, आपला कॅसेटवाला टेप तिच्यासमोर ठेवायचा, आणि स्पूलवरची भजनं कॅसेटवर उतरवून घ्यायची. उतरवता उतरवता आई ऐकेल आणि रडेल. मशीन परत गेली तरी कॅसेट घरात राहील. एका दगडात दोन पक्षी. सुतकात असा विचार करू नये, पण मधुकररावांनी केला.

गिरिधरनं मशीन दिली, पण पोरगी सासरी धाडताना करतात तशा सूचना देत दिली. "धूळ नोको बसू देऊ. उन्हात नोको ठेवू. नवे सेल टाक, बाकी ती आपलं आपलं पाहून घेते."

दुपारी ओसरीत दोन्ही मशिनी तोंडाला तोंड लावून बसवल्या. नवे कोरे सेल टाकले. कॅसेटच्या टेपला दुसरा आवाज चालत नाही, म्हणून पंखा बंद, कूलर बंद, दारं-खिडक्या बंद. नागपूरचा मे महिना, आणि आत दहाबारा बाया घामानं निथळत, पदर तोंडावर धरून चुपचाप. मधुकररावांची बायको शामला दाराशी पहाऱ्याला. मधुकररावांनी दोन्ही बटणं दाबली.

खंजिरी वाजली. मागोमाग बापूजींचा आवाज आला, भरदार, खर्जातला. बायांच्या अंगावर काटा आला. यमुताईनं "माह्या भाऊ गा" म्हणून गळा काढायला तोंड उघडलं, मधुकररावांनी हातानंच थोपवलं. रुखमाबाईंचा हात सुपात थांबला. मान वर झाली. मधुकररावांना वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या कडव्याला बापूजी जरा घाईत आल्यासारखे वाटले. तिसऱ्याला आवाज चढला. चौथ्याला बापूजींचं पोर झालं. पुढं पुढं तर पोराचं उंदीर झालं, खंजिरी शिलाई मशीनसारखी धावायला लागली, आणि वैराग्याचं ते भजन उंदीरमामा शेपटीला आग लागल्यासारखे म्हणत सुटले. मध्येच काहीतरी चिरचिर चिरचिर बोलले, पुन्हा गायला लागले.

आणि रुखमाबाई हसल्या. आधी नाकातून, मग पदर तोंडाला लावून, आणि मग पदरालाही आवरेना. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. एक उठली, मग सगळ्याच उठल्या.

संध्याकाळपर्यंत बातमी सक्करदऱ्याच्या तलावापलीकडं पोचली. नवऱ्याची राख निवली नाही अन् बाई खदखदा हसून राहिली म्हणे. एकीनं अंगारा पाठवला, एकीनं लिंबू. यमुताईनं मधुकररावांना बाजूला घेतलं.

"डोक्यात चढलंच शेवटी," ती म्हणाली. "तेरवीपर्यंत पाहू. नाही रडली तं पागलखान्यात दाखवून आणू."

"आत्याबाई, ती मशिनले हसली."

"मशिनले शहाणी माणसं हासते काय?"

 आईला वेड्यांच्या दवाखान्याच्या त्या उंच भिंतीआड नेऊन सोडायचं, ही कल्पनाच मधुकररावांना सहन होईना. दुसऱ्या दिवशी त्यांनी वेग कमी करायचा उपाय काढला. भजन धावायला लागलं की फिरत्या चाकावर हलकेच बोट टेकवायचं. पुन्हा पंखा बंद, पुन्हा दारं बंद. बाया कालच्यापेक्षा जास्त आल्या, कारण आता नुसतं भेटायचं नव्हतं, बघायचंही होतं. बापूजींच्या भजनी मंडळातले दोघं बुजुर्गही येऊन बसले.

बोट टेकवलं की बापूजी जडावायचे, उचललं की सटकायचे. मधुकररावांचं घामेजलेलं बोट कधी घसरे, कधी चिकटे. त्यामुळं बापूजी एका शब्दावर झुलत राहायचे, मग एकदम तीन शब्द गडबडीत ओकायचे आणि पुन्हा ओठ जड करून लांबवायचे. खंजिरी कुठं, ताल कुठं, बापूजी कुठं. डोळे मिटून ऐकलं तर गड्डीगोदामच्या दारूभट्टीवरून पहाटे घरी परतणारा माणूसच उभा राहायचा.

मंडळातल्या एका बुजुर्गानं टोपी उचलली. "आम्हाले तं मालूमच नव्हतं," तो उदास होऊन म्हणाला. "आमच्यासमोर कधी घेतली नाही बिचाऱ्यानं."

यमुताईनं कपाळ बडवून घेतलं. "माळकरी भाऊ माह्या. जित्तेपणी थेंब नाही शिवला. मेल्यावर पोरानं दारुडा केला." त्या दिवसापासून तिनं मधुकररावांशी बोलणं टाकलं. बाहेर बापूजी दारूनं काळीज सुजून गेल्याचं पक्कं झालं. काही लोकांना तर ते सुजलेलं आधीपासूनच माहीत होतं.

रुखमाबाई या वेळी हसल्याही नाहीत. सूप उचललं आणि आत निघून गेल्या. ते पाहून मधुकरराव मोरीत जाऊन, नळ सोडून, स्वतःच रडले.

डोळे पुसून सरळ गिरिधरकडं गेले. गिरिधरनं सगळं ऐकलं आणि डोकं खाजवलं. "हां, बरोबर आहे. भजनं भरली त्या दिवशी माह्यापाशी जुनेच सेल होते. भरता भरता उतरत गेले, चाक हळू हळू होत गेलं. आता तू नवे टाकले, तं पट्टी पुढं पुढं जास्तच पळणार ना गा."

"मंग बरोबर कसं वाजन?"

"तसेच उतरते सेल पायजे. तेव्हा जसे मरत होते तसेच आताही मरत गेले पायजे."

मधुकरराव ताडकन उठले. नवे सेल दुकानात मिळतात, मरायला टेकलेले सेल कुठं मिळणार? ते मोहल्ल्यात घरोघर फिरले. बॅटरीतले, रेडिओतले, फेकायला काढलेले, जे हाताला लागेल ते गोळा केलं. आणि आपल्याकडचा जुना इलाज केला: सेल गच्चीवर उन्हात ठेवले. उन्हानं सेलमध्ये थोडी धुगधुगी येते, हे आपल्या मोहल्ल्यात कोणाला शिकवावं लागत नाही. दरसाल त्या गच्चीवर कुरड्या-पापड असायचे. यंदा सुतकात शामलानं जुन्या लुगड्यावर सेल वाळत घातले आणि दुपारी उलटेही केले.

"अहो, उन्हानं जास्तच जीव आला तं?" तिनं विचारलं.

"तं पुन्हा उंदीर होतीन."

"अन् कमी आला तं?"

मधुकररावांनी लुगड्यावरचे सेल पुन्हा एकदा मोजले. तेरवी उद्यावर आली होती. दुसऱ्यांदा असे सेल जमणार नव्हते, आणि यमुताईनं दवाखान्यात जायला रिक्षा सांगून ठेवली होती.

तिसऱ्या दुपारी बायाही फारशा आल्या नाहीत. यमुताई भिंतीकडं तोंड करून बसली. मधुकररावांनी हाताला चटके देणारे सेल मशिनीत घातले, पंखा बंद केला, देवाचं नाव घेतलं आणि बटणं दाबली.

बापूजी गायले. पहिलं कडवं बरोबर. दुसरं बरोबर. तिसऱ्याला मधुकररावांनी श्वास धरला, तरी बरोबर. जिथं पोर झालं होतं तिथं बापूजीच होते, जिथं उंदीर झाला होता तिथंही बापूजीच होते, जरा दमलेले, घसा खाकरत, तालावर मांडी थोपटत. यमुताईची मान भिंतीकडून वळली. शामलानं डोळ्याला पदर लावला. रुखमाबाई मात्र सुपातच बघत होत्या.

मग बापूजी मध्येच थांबले. काल-परवा नुसती चिरचिर ऐकू आली होती, तिथं आज शब्द होते. बापूजी ओरडून म्हणाले, "आवं मधूची माय, पाणी आन वं. घसा कोरडा पडला."

रुखमाबाई उठल्या.

गुडघ्यावर हात देऊन, "आणतो नं, जरा दम नाही," असं पुटपुटत उठल्या, रोज उठायच्या तशा. सूप कलंडलं, गहू ओसरीभर झाले. आत जाऊन त्यांनी माठातलं पाणी पेल्यात घेतलं, पेला पुसला आणि बाहेर आल्या. 

तोवर सेलांची धुगधुगी संपत आली होती. भजन पुन्हा सुरू झालं होतं, पण आवाज खाली खाली जायला लागला. शब्द लांबले. श्वास लागल्यासारखा झाला. घशात घरघर आल्यासारखी झाली. मधुकररावांनी बटणाकडं हात नेला, पण आईचा चेहरा पाहून तो तिथंच राहिला.

रुखमाबाई मशिनीसमोर खाली बसल्या. "आली नं मी," त्या म्हणाल्या. "घ्या." आणि जिथून आवाज येत होता त्या जाळीवर त्यांनी बोटांनी पाणी सोडलं. एकदा, दोनदा. आवाज अजून घरघरत होता. मग त्यांनी पेला जाळीला टेकवला आणि माणसाच्या ओठात ओतावं तसं सावकाश सगळं पाणी ओतलं. मशिनीच्या पोटात चुर्र झालं. चाकं थांबली.

गिरिधरची मशीन आपल्या डोळ्यांसमोर मरते आहे हे मधुकररावांना पुरतं कळत होतं. त्यांनी हात पुढं केला आणि मागं घेतला.

"त्या दिवशी सकाळी खुर्चीतून हाक आयकू आली होती मले," रुखमाबाई रिकाम्या पेल्याकडं बघत म्हणाल्या. "मी नळावर होती. म्हटलं, नळ जाईन, एवढा पाण्याचा गुंड भरून घेऊ. भरून आली तं..." आणि मग त्यांना रडू फुटलं. असं फुटलं की शेजारपाजारचे धावत आले. यमुताई सरपटत पुढं आली, तिनं भावजयीला छातीशी धरलं आणि इतके दिवस सगळ्यांना रडणं शिकवणारी ती बाई एक शब्द न बोलता बसून राहिली. पंखा लावायचं कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

कॅसेटचा टेप तेवढा चालूच होता. बाजू संपून बटण टक्कन वर आलं तेव्हा मधुकररावांना त्याची आठवण झाली. त्या कॅसेटवर बापूजींचं भजन थोडं आहे, बाकी सगळी बाजू आईचं रडणं आहे. मधुकररावांनी तिच्या पाठीवरच्या दोन्ही पाकळ्या मोडून टाकल्या, म्हणजे तिच्यावर दुसरं काही भरता येणार नाही. पुन्हा ती कोणी लावली नाही.

तेरवी झाली. रिक्षावाल्याला परत पाठवलं. सुट्टी संपवून मधुकरराव खापरखेड्याच्या बसमध्ये चढले, तर गिरिधरनं शेजारी जागा धरून ठेवली होती.

"रडली काय गा माय?"

"रडली."

"मोकळी झाली?"

"झाली. जेवते आता दोन वेळा."

गिरिधरचा चेहरा असा खुलला की मधुकररावांना खिडकीबाहेर बघावं लागलं.

"पाह्य," गिरिधर म्हणाला. "अशी मशीन आता भेटत नाही."

"नाही भेटत," मधुकरराव म्हणाले.