दत्ताकाकांचं पाडायचं विमान

आमच्या शेजारच्या सारसोळे कोळीवाड्यातले दत्ताकाका नव्या पोराच्या हातात विमानाचा रिमोट देतात आणि पहिली गोष्ट सांगतात, "पाड!"

उडव नव्हे, पाड. "एकदा पडला ना, भीती गेली. मंग उडव बिनधास्त," असं त्यांचं शास्त्र. विमान घरीच बनवलेलं, मासळीच्या खोक्यांच्या थर्माकोलचं. त्यामुळे ते वर गेलं की खालून जेट्टीवरची मांजरं वासामागे पळतात.

काका तळोज्याच्या कारखान्यात फिटर होते. रिटायर झाले आणि नेरूळच्या सोसायट्यांच्या मागे लागले. शाळेतून येणारं पोर दिसलं की गेटवरच गाठायचे. "रविवारी सकाली मैदानावर ये. मोबाईल घरी ठेव, आईला आन." क्लासवाले परवडले! आमच्या वॉचमननं त्यांना दोनदा हाकललं, तिसऱ्या दिवशी तोच रिमोट धरून उभा.

माझी सायली, सातवीतली, पहिल्याच रविवारी अडकली. तिनं विमान थेट खारफुटीत घातलं. काका खूश! "शाब्बास! चल माज्या ओटीवर, जोडू." मग गोंद, चिकटपट्टी, चहा आणि गप्पा. पोरगी दुपारी जेवायला घरी येईना. दर रविवारी हेच. शेवटी माझं डोकं फिरलं.

"काका, हिला उडवायला शिकवताय की मोडायला?"

"टेन्शन नको घेऊ ताई. शिकतेय हलूहलू."

बाकीची पोरं एकेक करून गळाली. कोणाचा क्लास, कोणाचं क्रिकेट. उरली एकटी सायली.

आणि परवा तिनं कमालच केली. विमान वर नेलं, दोन चकरा मारल्या आणि अलगद गवतावर उतरवलं. साधा ओरखडा नाही! मी टाळ्या वाजवल्या. काकांनीही वाजवल्या. मग विमान उचलून कितीतरी वेळ उलटंपालटं करून बघत राहिले.

"कायच मोडला नाय," ते म्हणाले. "मंग आज तू येनार नाय ना? बोंबील आनून ठेवलेत."

काकूंना जाऊन दोन वर्षं झाली. रविवार सोडला तर त्या घरात काकांशी बोलायला कोणी नसतं, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी भांडत होते!

काकांनी विमान खाली ठेवलं. मी पुढे झाले आणि शेपटावर सरळ पाय दिला. कट्कन मोडलं.

"आई!" सायली किंचाळली.

"अगंबाई, दिसलंच नाही," मी म्हटलं. "काका, जोडायला किती वेळ लागेल हो?"

काकांनी माझ्या चपलेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"लय लागंल," ते म्हणाले. "तू पन चल, ताई."