काट्याशी खोटं नाय

आमच्या शेजारचे जगूभाऊ चपाती कात्रीने कापून खातात.

हसलात ना? मीही हसले होते, आणि तेही त्यांच्या तोंडावर. तीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे दुसऱ्याचं हसू आवरायची सवय आहे, स्वतःचं नाही. कात्रीही शिवणकामाची नव्हे, द्राक्षाच्या घडाची, टोकाला निमुळती. जगूभाऊ पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाउसमध्ये सुपरवायझर होते. घडातला खराब मणी अलगद काढायचा आणि डबीत बरोब्बर अर्धा किलो भरायचा, हे त्यांचं काम. "बाई, काट्याशी खोटं नाय," हे त्यांचं पालुपद. आता त्याच कात्रीने ते चपातीचे मण्याएवढे तुकडे करतात, छोट्या वजनकाट्यावर ठेवतात आणि चाळीस ग्रॅम झाले की उरलेली चपाती मंदावहिनींकडे, म्हणजे बायकोकडे, सरकवतात.

हा माणूस पूर्वी एकशे बत्तीस किलोचा होता. रविवारी मिसळ खायला गेले की हे पाव मोजत नसत, मिसळवाला मोजायचा. गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत सत्यनारायण असला की शिरा वाढणारा यांच्यापाशी पातेलं खाली टेकवूनच उभा राहायचा. मग साखर वाढली, ब्लडप्रेशर वाढलं आणि दोन्ही किडन्यांनी हात टेकले. सोमवार-गुरुवार डायलिसिस सुरू झालं. वहिनींची किडनी जुळली, त्या एका पायावर तयार. पण डॉक्टर म्हणाले, एवढ्या वजनावर किडनी बसवता येणार नाही, आधी नव्वदच्या आत या. म्हणून वजनासाठी पोटाचं ऑपरेशन झालं. जठर कापून केळ्याएवढं ठेवलं.

"डॉक्टरनं माझी विरळणी केली, बाई," जगूभाऊ सांगत सुटले. विरळणी म्हणजे घडात मणी दाटले की थोडे काढून घड मोकळा करणं.

तेव्हापासून त्यांच्या घरात जेवण कमी आणि कायदेच जास्त. जेवताना पाणी नाही. एरवीसुद्धा दिवसभराचं पाणी एका बाटलीत मोजलेलं. भाजी उकडायची आणि तिचं पाणी मोरीत ओतायचं, कारण ते किडनीला सोसत नाही. केळं, नारळपाणी बंद. अंड्याचा पांढरा भाग मात्र रोज. एक घास पंचवीस वेळा चावायचा. एकदा मी हौसेने नाश्त्याला बोलावलं, तर दोन चमचे उपमा त्यांनी पाऊण तास खाल्ला. माझी भाजीवाली येऊन, हाका मारून निघून गेली.

पोट भरलं की त्यांना उचकी लागते. एकच. "काटा भरला," म्हणून ते बशी बाजूला करतात. वहिनी सवयीने विचारतात, "कुणी आठवण काढली?" भाऊ म्हणतात, "मिसळवाला असंल." रोज हाच विनोद आणि रोज दोघंही हसतात. मला आधी वैताग यायचा. मग मीही हसायला लागले.

वजन भराभर उतरलं. शंभर झालं, पंच्याण्णव झालं. नव्वद किलो चारशे ग्रॅमवर येऊन मात्र अडलं. तीन महिने हलायला तयार नाही. सदरा अंगावर लोंबतोय, गालफडं बसलीत, पण डायलिसिसच्या वजनकाट्यावर आकडा तोच. वहिनी अगदी रडकुंडीला आल्या. मी सरळ जाऊन झापलं, "चोरून खाताय का हो?"

"नाय, बाई," म्हणाले आणि मान खाली घातली. मला वाटलं, सापडला चोर!

चोर सापडला, पण आठवड्याने. एका दुपारी वहिनी पदरात काहीतरी गुंडाळून माझ्याकडे आल्या आणि त्यांनी ते टेबलावर ठेवलं. ठण्ण! अर्ध्या अर्ध्या किलोची दोन लोखंडी मापं. भाऊंची बंडी बादलीत टाकली, तेव्हा चोरखिशांतून निघाली. एसटीत पैसे मारले जाऊ नयेत म्हणून ते चोरखिसे वहिनींनीच शिवले होते.

लोक वजन कमी दिसावं म्हणून चपला काढतात, श्वास रोखतात. आणि हा बाबा खिशात मापं घालून काट्यावर चढतो! आम्ही दोघी तशाच शेजारी गेलो. भाऊ खाटेवर पडले होते. मापं पाहून उठून बसले.

"पहिल्यांदा पाव किलोचं होतं," ते म्हणाले. "मग अर्ध्याचं, मग ही दोन. डायलिसिसच्या आधी बी खिशात, नंतर बी खिशातच. त्यांना पाणी काढायला दोन्हींतला फरक लागतो, तो बरोबर यायचा."

"अहो, पण कशासाठी?" वहिनी ओरडल्याच.

"नव्वदच्या आत आलो की तुला ऑपरेशनच्या टेबलावर घेणार." त्यांचा आवाज फाटला. "एवढी वर्षं कात्री चालवली, मंदा. पॅकिंगला चांगल्या मण्याला कधी लावली नाय. तुला कशी लावू देऊ?"

माझा राग तिथेच विरला. वहिनींचा नाही. त्या पेटल्या होत्या.

"आन् विरळणीला काय सडके मणी काढता व्हय? चांगलेच काढता ना? तवा घड मरतो का? मी हो म्हटलंय, मला न इचारता नाय म्हणणारे तुम्ही कोण?"

द्राक्षातलं भाऊंना कुणी शिकवावं, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडलं असेल.

गुरुवारी मीही बरोबर गेले. वहिनींनी चोरखिसे दुहेरी टाक्याने शिवून टाकले होते. काटा म्हणाला, एकोणनव्वद किलो चारशे. "काका, जमलं की!" नर्सबाई खूश झाल्या आणि म्हणाल्या, "आता काकूंचंही घेऊन ठेवू." वहिनी चढल्या. सेहेचाळीस.

"चुकतोय काटा," भाऊ म्हणाले. "वर्षामागं चोपन्न व्हती ही."

काटा चुकत नव्हता. "यांच्या बशीसमोर ताट भरून कशी जेवू?" वहिनी पुटपुटल्या. वर्षभर वहिनी भाऊंनी सरकवलेल्या उरलेल्या चपातीवरच जेवण उरकत होत्या. मी शेजारी राहते, रोज पाहत होते, आणि मला कळलं नाही. याची मला अजून लाज वाटते.

"काकू, किडनी द्यायची तर आधी तुम्ही जेवायला लागा," नर्सबाईंनी दम भरला.

घरी आल्यावर जगूभाऊ दमलेले होते, तरी स्वयंपाकघरात गेले. ताट घेतलं. दोन चपात्या, भाजी, वरणभात. कात्री काढली नाही, काटा काढला नाही. ताट वहिनींसमोर ठेवलं, स्वतःची बशी घेऊन समोर बसले आणि म्हणाले, "जेव."

वहिनी खाली मान घालून जेवत होत्या. दुसरी चपाती संपता संपता त्यांना उचकी लागली.

"कुणी आठवण काढली?" मी सवयीने बोलून गेले.

"मिसळवाला नाय, बाई," जगूभाऊ म्हणाले. "मी काढली."